रहाटावरचा शकोटिस

झेनोनसचा स्वभावच असा की उचलली जीभ, लावली टाळ्याला. गावात त्याच्या बोलण्याचा हिशेब ठरून गेला होता. तो सांगेल ते ऐकायचं, त्याचं निम्मं करायचं, उरलेल्याचं पुन्हा निम्मं करायचं, आणि एवढं करून जे हाताला लागेल त्यावरही विश्वास ठेवायचा नाही. नदीतल्या मिशाळ माशाने त्याची नाव प्रवाहाच्या उलट्या दिशेला ओढत नेली होती. बर्फात दमलेल्या लांडग्याला त्याने घसरगाडीत घालून जंगलाच्या कडेला सोडलं होतं, आणि उतरताना लांडग्याने मान लववली होती. असल्या गोष्टी ऐकून लोक हसायचे आणि बिअरचा पेला त्याच्यापुढे सरकवायचे.

न हसणारं माणूस गावात एकच होतं. त्याची धर्मकन्या विल्ते. पाळण्यातल्या विल्तेला चर्चमध्ये हातावर धरून झेनोनस तिचा धर्मबाप झाला, आणि तिला कळायला लागल्यापासून ती त्याच्यासमोर मांडी घालून बसायची, डोळे मोठे करायची आणि एवढंच विचारायची, "मग?" शंका म्हणून कधी काढली नाही पोरीने. साऱ्या जगाने खोटारडा म्हटलं तरी चालेल, पण एक माणूस 'मग?' म्हणणारं हवं, असं झेनोनसला वाटायचं.

आता त्या विल्तेचं लग्न होतं. तिचं आणि मान्तासचं जुळलं ते शहरात, दातांच्या डॉक्टरकडे, दोघांचीही गालफडं सुजलेली असताना. त्यात झेनोनसचा काडीचा हात नव्हता. तरी लग्नात मध्यस्थ हवाच. नाहीतर दुसऱ्या दिवशी फासावर चढवायचं कुणाला? थापा मारून मुलीला गळाला लावलं म्हणून मध्यस्थावर खटला भरायचा, तोंडाला काजळी फासलेल्या जल्लादांनी त्याला ओढत न्यायचं, आणि अगदी शेवटच्या घटकेला नवरीने त्याच्या खांद्यावर हातमागाचा टॉवेल टाकून त्याला सोडवायचं, त्याच्या जागी पेंढ्याचं बुजगावणं लटकवायचं, हे झाल्याशिवाय आमच्याकडे लग्न लागल्यासारखं वाटतच नाही. आणि खटला भरायला झेनोनसपेक्षा योग्य माणूस पंचक्रोशीत नव्हता.

मध्यस्थाची बायको म्हणजे लग्नातल्या गोडधोडाची मालकीण, आणि त्या गोडधोडाचा राजा म्हणजे शकोटिस, झाडासारख्या फांद्या फुटलेला उंच केक. साखरपुड्याला तिसऱ्या पेल्यानंतर झेनोनस उभा राहिला आणि म्हणाला, "शकोटिस माझी एल्वीरा करणार! घरी! स्वतःच्या हाताने! नवरीच्या कमरेएवढा उंच!"

एल्वीरा तेव्हा स्वयंपाकघरात होती. नाहीतर ही गोष्ट तिथेच संपली असती.

झेनोनसच्या मनात डाव साधा होता. तालुक्याच्या गावात ब्रोनिस्लावाची बेकरी होती. तिच्याकडे शकोटिस भाजायचं विजेवर फिरणारं यंत्र होतं. तिथून एक गुपचूप आणायचा, कागद फाडून फेकायचा, की झाला घरचा. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी तो मोठ्या ऐटीत तिच्या दारात गेला.

"नाही," ब्रोनिस्लावा म्हणाली.

"काय नाही?"

"शकोटिस नाही. उद्या या भागात इतकी लग्नं आहेत की पाव भाजायलाही जागा नाही माझ्याकडे. विल्तेने सांगून ठेवला होता एक. पण परवाच येऊन नको म्हणाली. म्हणाली, माझे धर्मबाबा घरचा आणणार आहेत. मी दुसऱ्यांना देऊन टाकला." तिने झेनोनसला खालून वर न्याहाळलं. "का रे? घरचा नाही वाटतं?"

"छे! घरचाच तर आहे!" झेनोनस म्हणाला. "मी आपलं सहज विचारलं. तुझा धंदा कसा चाललाय ते बघायला."

घरी येईपर्यंत त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पोरीने हाताशी असलेला केक सोडून दिला होता, त्याच्या शब्दावर! उद्या टेबल रिकामं दिसलं की तिच्या डोळ्यांतलं ते 'मग?' कायमचं जाणार. त्याने एल्वीराला सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा काहीही न वाढवता सांगितलं, म्हणून तिचा आधी विश्वासच बसेना.

बसला तेव्हा ती म्हणाली, "अरे बैला, शकोटिस काय भट्टीत भाजतात? माझी काळी भाकरी आहे का ती, की ढकलली आत आणि बसले गप्पा मारत? आगीसमोर आडवा दांडा फिरत राहावा लागतो. त्याच्यावर पीठ ओतायचं, ते ठिबकायचं, ठिबकता ठिबकता भाजायचं, तेव्हा कुठे त्याला फांद्या फुटतात. फिरणारा दांडा आहे का आपल्याकडे? आं? आपल्या घरात फिरते ती एकच वस्तू, तुझी जीभ. ती देतोस का कापून?"

झेनोनस खिडकीतून बाहेर बघत होता. त्याचं आणि शेजारच्या ल्युदासचं अंगण एकच, आणि मधली विहीरही सामाईक. विहिरीवर रहाट होता. चांगला जाडजूड ओकचा ओंडका, आरपार लोखंडी कणा, टोकाला वाकडी मूठ.

एल्वीराने त्याच्या नजरेच्या दिशेने पाहिलं. "नाही हं," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "घासून घ्यावा लागेल."

ल्युदास बाजाराला गेला होता, ते बरं झालं. दोर खांबाला अडकवून रहाट उतरवला, घासला, उकळतं पाणी ओतून पुन्हा घासला. मागच्या बाजूला, वाफेच्या न्हाणीघराच्या आडोशाला, विटांच्या दोन ओळी रचून मध्ये आग पेटवली. आगीच्या दोन्ही बाजूंना दोन हातगाड्या उभ्या करून त्यांच्यावर कणा टेकवला. खाली ठिबकणारं पीठ झेलायला लांबट भांडं हवं होतं. तसलं भांडं घरात नव्हतं, म्हणून झेनोनस शिडी लावून छपरावर चढला आणि पावसाच्या पाण्याची पन्हळच उतरवून घेऊन आला.

"पाऊस आला तर?" एल्वीराने विचारलं.

"येणार नाही. मी सांगतो ना."

"म्हणजे येणार," असं म्हणत तिने पन्हळ घासायला घेतली.

अंडी इतकी होती की हाताने फेटायची म्हटली तर लग्न उरकून बारसं आलं असतं. पण त्यांच्याकडे गोल टाकीचं जुनं वॉशिंग मशीन होतं, ज्यात गेली कित्येक वर्षं एल्वीरा फक्त लोणी घुसळायची. गावात निम्म्या घरी असंच चालायचं. त्या टाकीत अंडी, साखर, लोणी, मैदा आणि आंबट साय गेली. मशीन घरघरलं, थरथरलं, अंगणात चार पावलं चालून गेलं आणि कुंपणाला अडून थांबलं. पीठ मात्र रेशमासारखं झालं. एल्वीराने बोटाने चाटून पाहिलं आणि काही बोलली नाही. म्हणजे उत्तम.

रहाट फिरवायला झेनोनसने मूठ धरली. पहिले दोन थर बसेपर्यंत त्याच्या तळहाताला फोड आला. थांबायची सोय नव्हती, कारण थांबलं की सगळं पीठ एका बाजूला लोंबतं. एल्वीराने एका हाताने मूठ फिरवत दुसऱ्या हाताने पळी चालवली आणि ओरडली, "डोकं चालव! नाहीतर पाय चालव!"

त्यावरून झेनोनसला सायकल सुचली. ती त्याने स्टँडवर उभी केली, मागचं टायर काढलं, रिकाम्या रिमवरून कपडे वाळत घालायची दोरी घेतली, ती कण्याच्या मुठीकडच्या टोकाला गुंडाळली, आणि बसला सीटवर. पायडल मारलं की रहाट फिरे. दोघंही बघत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एल्वीराने नवऱ्याकडे अशा कौतुकाने फार वेळा पाहिलं नव्हतं. झेनोनसच्या ते लक्षात आलं आणि त्याने छाती फुगवून पायडल मारायला सुरुवात केली.

पाचव्या की सहाव्या थराला एल्वीराची पळी हवेतच थांबली.

"झेनोनस. ओंडक्याला कागद गुंडाळला होतास ना? लोणी लावलेला? वर सुतळी?"

"कसला कागद?"

"केक सुटून यायला!"

झेनोनस पायडल मारत राहिला. दुसरं काय करणार होता? "म्हणजे आता तो सुटणार नाही?"

"कयामतीच्या दिवशी सुटेल," एल्वीरा म्हणाली आणि पुढची पळी ओतली. आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. अंडी संपली होती.

एवढ्यात अंगणातून हाक आली. "झेनोनस! अरे झेनोनस! रहाट गेला!"

एल्वीरा पापणी लवायच्या आत हलली. वाळत घातलेली मोठी चादर तिने सायकल आणि आग यांच्या मध्ये टाकली आणि स्वतः चादरीमागे बसली. ल्युदास हातात रिकामी बादली घेऊन न्हाणीघराला वळसा घालून आला. त्याला दिसलं ते एवढंच, की झेनोनस उभ्या सायकलवर घामाघूम होऊन जिवाच्या आकांताने पायडल मारतोय आणि मागे चादरीवर आगीचा उजेड हलतोय.

"काय करतोयस?"

"डॉक्टरने सांगितलंय. गुडघ्यासाठी."

"आणि आग?"

"घाम यायला."

ल्युदासला ते पटलं, कारण झेनोनस नेहमीच काहीतरी करत असायचा. "अरे, विहिरीवरचा रहाट चोरला कुणीतरी! दोर नुसता लोंबतोय. माझ्या आज्याने ओक तोडून बसवलेला तो रहाट. ज्याने नेला त्याचे हात झडोत!"

झेनोनसचे पाय भीतीने जोरात फिरायला लागले. "मी पाहिलं ना," तो म्हणाला. जीभ ती, थांबते थोडीच! "करकोचा होता. हल्ली घरट्यासाठी काय वाट्टेल ते उचलतात."

"करकोच्याने रहाट नेला?"

"दोन होते. जोडी."

ल्युदासने बादली खाली आपटली. तो करकोच्यांना बोलला, झेनोनसला बोलला, आजच्या जमान्याला बोलला. तो जसजसा तापत गेला तसतसा झेनोनसच्या पायांचा वेग वाढत गेला, आणि चादरीमागे रहाट असा गरगरला की पीठ ठिबकायच्या ऐवजी चहूकडे उडून फांद्यांसारखं ताणलं गेलं आणि तिथेच भाजून कडक झालं. ल्युदास निघून गेल्यावर एल्वीराने चादर बाजूला केली. वीतवीत लांब सोनेरी फांद्या! ब्रोनिस्लावाच्या यंत्राला असल्या फांद्या जन्मात जमल्या नसत्या.

"परत बोलव त्याला," ती म्हणाली. "वरच्या बाजूला थोड्या कमी आहेत."

शेवटचा थर बसला तेव्हा झेनोनसला सायकलवरून उचलून उतरवावं लागलं. जमिनीवर आडवा झाल्यावरही त्याचे पाय बराच वेळ हवेत पायडल मारत होते.

मग केक उभा केला. कण्याचं खालचं टोक लाकडी बुडख्याला भोक पाडून त्यात बसवलं. वर मात्र लोखंडी वाकडी मूठ बाहेर राहिली. एल्वीराने तिच्याभोवती लग्नात लागतात त्या रू नावाच्या हिरव्या झुडपाच्या डहाळ्या आणि पांढरी फीत गुंडाळली, तर ती हंसाच्या मानेसारखी दिसायला लागली. लग्नघरी न्यायला दोन माणसं पुरेनात, म्हणून ल्युदासलाच हाक मारावी लागली.

"एवढा जड?" तो धापा टाकत म्हणाला.

"अंडी भरपूर आहेत," एल्वीरा म्हणाली.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी त्या हंसाचं तोंडभरून कौतुक केलं. विल्तेने एल्वीराच्या गळ्यात पडून दोन्ही गालांचे मुके घेतले. झेनोनसचा ऊर भरून आला. शकोटिस दुसऱ्या दिवशी, खटल्यानंतर फोडायचा होता. तोपर्यंत कुणालाही हात लावू द्यायचा नाही म्हणून एल्वीरा त्याच्या शेजारी खुर्ची टाकूनच बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खटला उभा राहिला. सरकारी वकीलही ल्युदास आणि न्यायाधीशही तोच. अंगात बायकोचा काळा हिवाळी कोट, तोंडाला काजळी, हातात फासाचा दोर. दोर विहिरीवरचा होता, कारण तो तसाही रिकामाच लोंबत होता.

"आरोप पहिला," ल्युदास गरजला. "आरोपीने सांगितलं की नवऱ्याच्या घरामागे तळं आहे. आम्ही पाहिलं. ते बदकांचं डबकं आहे!"

"कबूल!" झेनोनस म्हणाला. लोक खदखदले.

"आरोप दुसरा. करकोच्यांच्या जोडीने रहाट नेला, असं आरोपीने खुद्द मला सांगितलं!"

झेनोनस खोकला.

"आरोप तिसरा आणि सगळ्यांत मोठा. आरोपी म्हणतो, हा शकोटिस घरी केला. अरे, डोळे फुटलेत का आमचे? असल्या फांद्या घरी होतात? हा सरळ सरळ बेकरीतला आहे. लोकहो, खोटारडा की नाही?"

"खोटारडा!" सगळे ओरडले.

आता रिवाज असा की मध्यस्थाने सगळं कबूल करायचं आणि फासाकडे चालू लागायचं. पण झेनोनसने विल्तेकडे पाहिलं. ती हसत होती. आजवर मारलेल्या हजार थापांपैकी एकही नाही, नेमकी ही एकच खरी गोष्ट ती खोटी मानणार? त्याला ते सहन होईना.

"थांबा!" तो ओरडला. "करकोचे खोटे! रहाट मी नेला. त्याच्यावरच केक भाजला. मागच्या चाकाचं टायर काढून दोरी लावली आणि सायकल मारत बसलो. खाली पन्हळ होती, छपरावरची. अंडी वॉशिंग मशीनमध्ये फेटली. ल्युदास, तू चादरीच्या अलीकडे उभा होतास तेव्हा पलीकडे हाच भाजत होता!"

मग मांडवात असं हसू फुटलं की वाजंत्रीवाल्याच्या मांडीवरचा अकॉर्डियन आपोआप वाजला. ल्युदास डोळे पुसत म्हणाला, "मानलं लेका! करकोचे परवडले! या थापेपुढे मासाही परवडला!"

"विल्ते," झेनोनस केविलवाण्या आवाजात म्हणाला, "तू तरी सांग त्यांना. तुझा आहे ना विश्वास?"

विल्तेने हसू आवरलं. "धर्मबाबा," ती म्हणाली, "हे मात्र फारच झालं हो."

"म्हणजे? आजवर तर सगळं खरं मानत आलीस."

"कुठे मानत होते?" ती हळूच म्हणाली. "सहा-सात वर्षांची होते तेव्हाच कळलं मला. मासे नाव ओढत नाहीत आणि लांडगे मान लववत नाहीत. तुम्ही सांगत होतात म्हणून मी ऐकत होते. माझ्यासाठी एवढं रचून सांगणारं दुसरं कोण होतं? आणि केकचं म्हणाल तर मला वाटलं, तुम्ही गुपचूप ब्रोनिस्लावाकडून आणाल आणि घरचा म्हणून सांगाल. मी मान डोलावली असती. म्हणून तर माझा नको म्हटला."

ही पोर इतकी वर्षं झेनोनसला सांभाळून घेत होती आणि तो समजत होता की तोच तिला सांभाळतोय. त्याला रडू यायला लागलं, आणि ते खरंखुरं रडू होतं. पण लोकांना वाटलं, काय नाटक करतो हा! त्यांनी टाळ्या वाजवल्या. जल्लादांनी त्याचे दंड धरले.

तेव्हा एल्वीरा खुर्चीवरून उठली.

"लग्न झाल्यापासून या माणसाच्या थापा निस्तरतेय मी," ती म्हणाली. "आज कधी नव्हे ते खरं बोलला, तर तुम्ही त्याला लटकवणार? मग खोटं बोललेलं काय वाईट होतं?" आणि तिने केकच्या मधोमध दोन्ही हात घातले, फांद्या कडाकडा मोडल्या, भलामोठा तुकडा उपटून ल्युदासच्या हातात कोंबला. "खा. नीट बघून खा."

तुकड्याच्या जागी आत काळंभोर लाकूड दिसत होतं. पुढचे लोक वाकून बघायला लागले. एल्वीराने हंसाच्या मानेवरच्या डहाळ्या सोडल्या, फीत सोडली. खाली वाकडी मूठ निघाली, हातांनी झिजून चकचकीत झालेली.

ल्युदासने तोंडात घास तसाच ठेवून मूठ धरली. रोज सकाळची सवय. धरली तशी फिरवली. आणि शकोटिस बुडख्यावर वळत कुईऽऽऽ करून ओरडला.

ती कुई साऱ्या गावाला ओळखीची होती. रोज पहाटे तिच्यानेच तर जाग यायची. मागच्या टेबलावरची एक म्हातारी म्हणाली, "अगं बाई, विहीर आली!"

"माझ्या आज्याचा रहाट," ल्युदास म्हणाला. घास गिळला. पुन्हा एक फांदी मोडून तोंडात टाकली, डोळे मिटून चावली. "चोर आहेस तू लेका. पण खरं बोललास." मग काळ्या कोटाची बटणं लावून तो ताठ उभा राहिला. "लबाडीच्या आरोपातून आरोपी मुक्त! चोरीबद्दल शिक्षा अशी की बर्फ पडेपर्यंत माझ्या घरचं पाणी हा भरेल. रहाट चाटून पुसून विहिरीवर गेल्यानंतर!"

चाटायला तर पोरंसोरं केव्हाच सरसावली होती. बुजगावण्याला फासावर चढवलं, आणि विल्तेने लाल नक्षीचा टॉवेल झेनोनसच्या खांद्यावर टाकला. टाकताना ती त्याच्या गळ्यातच पडली आणि हसता हसता रडली.

"खरंच सायकल मारलीत? माझ्यासाठी?"

"गुडघे विचार माझे."

ती त्याच्या शेजारी बसली. थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, "धर्मबाबा, मग तो मासा? तोही खरा होता की काय?"

झेनोनसने टॉवेल नीट केला. एल्वीरा पलीकडून डोळे वटारून बघत होती. अख्खी दुपार खरं बोलण्यात गेली होती, आणि ते वाटलं होतं तितकं अवघडही नव्हतं.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "नाव ओढली, ते साफ खोटं."

विल्तेचा चेहरा जरासा उतरला.

"नाव नव्हतीच. मी त्याच्या पाठीवर बसलो होतो."

विल्तेने खुर्ची जवळ ओढली, हनुवटी हातावर टेकवली, डोळे मोठे केले.

"मग?"